कार्यप्रक्रिया-सुधारणा : प्रशिक्षण व प्रमाणन

कारखाना, कार्यालय, रुग्णालय किंवा दुकान यांतील काम ज्या क्रमाने व ज्या रीतीने पार पडते, तो क्रम व ती रीत तपासून त्यांतील वेळ, श्रम, माल व जागा यांचा अपव्यय कमी करण्याच्या पद्धतींना ‘कार्यप्रक्रिया-सुधारणा पद्धती’ असे म्हणतात. कार्याध्ययन, सांख्यिकीय गुणनियंत्रण, गुणमंडळे, ‘लीन’ उत्पादनपद्धती व ‘सिक्स सिग्मा’ या तिच्या प्रमुख शाखा होत. या पद्धती रीतसर शिकविणे म्हणजे प्रशिक्षण; आणि शिकणाऱ्याने त्या आत्मसात केल्या असल्याची एखाद्या संस्थेने परीक्षेअंती दिलेली लेखी ग्वाही म्हणजे प्रमाणन होय. प्रमाणन व्यक्तीचे असते, तसेच संस्थेचेही असते. ‘आयएसओ ९००१’ हे संस्थेच्या व्यवस्थापनपद्धतीचे प्रमाणन आहे. कार्याध्ययनाची पदविका किंवा सिक्स सिग्माचा ‘पट्टा’ हे व्यक्तीचे. या दोहोंत सुशिक्षितांचीही अनेकदा गल्लत होते. मुंबईच्या डबेवाल्यांच्या कामातील बिनचूकपणाचे वर्णन ‘फोर्ब्स’ या अमेरिकन नियतकालिकाने १९९८ मध्ये केले, तेव्हापासून त्यांना ‘सिक्स सिग्मा प्रमाणपत्र’ मिळाल्याचे सर्रास सांगण्यात येते. वस्तुतः नियतकालिके असे प्रमाणपत्र देत नाहीत, आणि सिक्स सिग्माचे प्रमाणन प्रायः व्यक्तींचे होते. डबेवाल्यांची पद्धत उत्तम आहे, ती कोणत्याही पट्ट्यावाचून.

महाराष्ट्रात या पद्धतींचा पहिला आणि सर्वांत खडतर कस लागला तो कापडगिरण्यांत. त्यामुळे येथील प्रशिक्षणाचा इतिहास समजून घेण्यास सोलापूरसारख्या गिरणगावाचे उदाहरण उपयोगी पडते. सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची, ‘जुनी गिरणी’ म्हणून ओळखली जाणारी गिरणी १८७७ मध्ये सुरू झाली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत नरसिंगगिरजी, लक्ष्मी व विष्णू या गिरण्यांची भर पडली. गिरण्यांच्या बरोबरीने हातमाग आणि पुढे यंत्रमाग वाढत गेले. गिरण्या एकविसाव्या शतकाच्या प्रारंभापर्यंत बंद पडल्या. यंत्रमागावरील चादरी व टेरी टॉवेल यांचा उद्योग टिकून राहिला. म्हणजे एकाच शहरात हजारो कामगारांची गिरणी आणि चार-सहा मागांचे घरालगतचे छप्पर अशा दोन्ही टोकांना या पद्धती कशा लागू पडतात किंवा पडत नाहीत, हे पाहता येते.

उगम : अमेरिकन अभियंता फ्रेडरिक विन्स्लो टेलर (१८५६–१९१५) याने कामाचे लहान घटक पाडून प्रत्येक घटकाला लागणारा वेळ मोजण्याची पद्धत रूढ केली. त्याचा शास्त्रीय व्यवस्थापनावरील ग्रंथ १९११ मध्ये प्रसिद्ध झाला. फ्रँक गिलब्रेथ (१८६८–१९२४) व लिलियन गिलब्रेथ (१८७८–१९७२) या दांपत्याने वेळेऐवजी हालचालींवर लक्ष केंद्रित केले. या दोन धाग्यांतून कार्याध्ययन तयार झाले. त्याची दोन अंगे आहेत : काम अधिक सोपे कसे करता येईल हे पाहणारे पद्धती-अध्ययन आणि त्या कामाला किती वेळ लागावा हे ठरविणारे कार्यमापन. क्रमाने पाहता पद्धती-अध्ययन आधी व कार्यमापन नंतर व्हावयास हवे. वाईट पद्धतीचा वेळ कितीही अचूक मोजला तरी तो वाईट पद्धतीचाच वेळ राहतो. प्रत्यक्षात मात्र अनेक ठिकाणी स्टॉपवॉच आधी आले, आणि कामगारांच्या मनात या विद्येविषयी जो संशय दीर्घकाळ राहिला त्याचे एक कारण हे आहे.

या विषयातील दुसरा एक उगम थेट मागाच्या खात्यातला आहे. जपानी संशोधक साकिची टोयोडा (१८६७–१९३०) याने ताण्याचा अथवा बाण्याचा धागा तुटताच आपोआप थांबणारे माग विकसित केले. १९२४ मध्ये सिद्ध झालेल्या त्याच्या ‘जी’ प्रकारच्या स्वयंचलित मागाचे हक्क ओल्डम येथील प्लॅट ब्रदर्स या इंग्लिश यंत्रोत्पादक कंपनीने १९२९ मध्ये विकत घेतले. चूक होताच यंत्राने थांबावे, म्हणजे चुकीचा माल पुढे जात नाही व यंत्रावर सतत डोळा ठेवणारा माणूस मोकळा होतो, हे तत्त्व पुढे टोयोटा मोटार कंपनीच्या उत्पादनपद्धतीचा एक आधारस्तंभ ठरले. या पद्धतीला आकार देण्याचे मुख्य श्रेय ताइइची ओनो (१९१२–१९९०) याला देण्यात येते. पुढे पाश्चात्त्य लेखकांनी तिला ‘लीन’ हे नाव दिले. आज मोटारींच्या कारखान्यात जे शिकविले जाते त्याचे मूळ विणकराच्या तुटलेल्या धाग्यात आहे.

प्रशिक्षणात काय शिकवितात : कार्याध्ययनाच्या शिकाऊ उमेदवाराला प्रथम काम पाहण्यास व नोंदण्यास शिकवितात. नोंदीसाठी पाच चिन्हे वापरतात : वर्तुळ म्हणजे क्रिया, बाण म्हणजे वाहतूक, चौकोन म्हणजे तपासणी, इंग्रजी ‘डी’ अक्षरासारखी आकृती म्हणजे खोळंबा आणि उलटा त्रिकोण म्हणजे साठवण. टॉवेलाचे उदाहरण घेतल्यास, सुताची लडी रंगखान्यात जाते, रंगून वाळते, तेथून गुंडाळणीस येते, ताण्याचे सूत तुळईवर चढते, बाण्याच्या कांड्या भरल्या जातात, माल मागावर येतो, विणला जातो, कापला जातो, शिवला जातो आणि बांधला जातो. या प्रवासाचा तक्ता काढू लागल्यावर बाण व उलटे त्रिकोण यांची संख्या बहुधा वर्तुळांहून अधिक भरते. सूत जितका वेळ विणले जात असते, त्याहून कितीतरी अधिक वेळ ते कोठेतरी पडून असते. ही गोष्ट मालकाला ठाऊक नसते असे नाही. पण ती कागदावर उतरली की तिच्याविषयी बोलता येते.

यानंतर कार्यमापन येते. समजा, कांडी बदलण्यास पाहिलेली सरासरी वेळ १२ सेकंद आहे आणि पाहणाऱ्याच्या मते कामगार प्रमाण गतीच्या ११० टक्के गतीने काम करीत होता. तर मूलभूत वेळ १३.२ सेकंद ठरते. विश्रांती, वैयक्तिक गरजा व अपरिहार्य खोळंबे यांसाठी १५ टक्के सवलत मिळविली, की प्रमाणवेळ सुमारे १५.२ सेकंद होते. या गणितातील १२ हा आकडा घड्याळ देते. ११० हा आकडा माणूस देतो. सारा वाद या दुसऱ्या आकड्याभोवती असतो. म्हणून प्रशिक्षणाचा मोठा भाग गतीचे मूल्यांकन एकसारखे करण्याच्या सरावात जातो. प्रमाण गतीचे दोन जुने मानदंड प्रसिद्ध आहेत : सपाट जमिनीवर ताशी ६.४ किमी. वेगाने ओझ्यावाचून चालणे, आणि पत्त्यांचा ५२ पानांचा जोड ०.३७५ मिनिटात, म्हणजे साडेबावीस सेकंदांत वाटणे. वेगवेगळ्या गतींची चित्रफीत दाखवून उमेदवारांना अंदाज लिहावयास लावतात व त्यांच्या चुकांचा कल त्यांना दाखवून देतात. शिवाय सवलत हा देखील परिस्थितीचा प्रश्न आहे. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा ४० अंश सेल्सियसच्या वर जातो. विणकामासाठी तर खात्यातील हवा दमट ठेवावी लागते, कारण कोरड्या हवेत सुती धागा अधिक तुटतो. थंड हवेच्या देशातील सवलतीचा तक्ता येथे जसाच्या तसा लावणे अन्यायाचे ठरते.

साच्यांची संख्या : गिरणी कामगारांच्या बोलीत मागाला ‘साचा’ म्हणतात. एका विणकराने किती साचे सांभाळावेत, हा कापडधंद्यातील सुधारणेचा कळीचा प्रश्न राहिला आहे. त्यामागील गणित सोपे आहे. समजा, एक साचा मिनिटाला १५० आडवे धागे भरतो आणि कापडात इंचाला असे ५० धागे आहेत. आठ तासांच्या पाळीत तो न थांबता चालला, तर ७२,००० धागे, म्हणजे १,४४० इंच अथवा ४० यार्ड कापड निघेल. तो पाळीत ४० वेळा थांबला आणि दर वेळी ३ मिनिटे गेली, तर १२० मिनिटे वाया जाऊन कापड ३० यार्डांवर येते. या तीन मिनिटांपैकी धागा सांधण्यास एकच मिनिट लागत असेल व उरलेली दोन विणकर दुसऱ्या साच्यावर गुंतल्यामुळे गेली असतील, तर विणकराला ‘अधिक चपळ हो’ म्हणण्यात फारसा अर्थ उरत नाही. उलट सूत चांगले, खळ योग्य आणि हवा पुरेशी दमट ठेवून थांबण्याची संख्या ४० वरून २० वर आणली, तर तोच विणकर त्याच साच्यावर ३५ यार्ड कापड काढील. म्हणजे सुधारणेचे बहुतेक उपाय विणकराच्या हातात नसून सूतखरेदी, गुंडाळणी, खळखाते व यंत्रांची देखभाल यांच्याकडे असतात. आधी धागे तुटणे कमी करावयाचे आणि मग साच्यांची संख्या वाढवावयाची, की साच्यांची संख्या आधी वाढवून तुटलेल्या धाग्यांचा भार विणकरावर टाकावयाचा, यांत दोन पद्धतींचा नव्हे, दोन नीतींचा फरक आहे.

मुंबईच्या गिरण्यांत १९२८ साली झालेल्या सार्वत्रिक संपाला दोन साच्यांऐवजी तीन साचे देण्यासारख्या ‘कार्यक्षमता योजना’ हे एक मोठे कारण होते. या संपानंतर नेमलेल्या फॉसेट समितीने वेतनदरांच्या प्रमाणीकरणाबरोबर या योजनांचाही विचार केला. १९३७ साली मुंबई सरकारने नेमलेल्या कापड कामगार चौकशी समितीच्या कक्षेत मुंबई व अहमदाबादबरोबर सोलापूरही होते. समितीचा अंतिम अहवाल १९४० मध्ये आला. पुढे मुंबई औद्योगिक संबंध अधिनियम, १९४६ याच्या दुसऱ्या अनुसूचीत ‘सुसूत्रीकरण व कार्यक्षमतेच्या इतर पद्धती’ या बाबीचा समावेश करण्यात आला. त्यामुळे असा बदल करू इच्छिणाऱ्या मालकाला आधी नोटीस देणे आणि वाटाघाटींचा मार्ग पत्करणे बंधनकारक झाले. जुलै १९५७ मध्ये भरलेल्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने याविषयी आदर्श करार सुचविला. सुसूत्रीकरणामुळे असलेल्या कामगारांची कपात होऊ नये किंवा त्यांची मिळकत घटू नये, होणाऱ्या लाभात त्यांना न्याय्य वाटा मिळावा, आणि कामाचा भार उभय पक्षांना मान्य असलेल्या तज्ञांकडून ठरवून घ्यावा, ही त्याची मुख्य सूत्रे होत. यांपैकी शेवटचे सूत्र प्रशिक्षणाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. ‘उभय पक्षांना मान्य तज्ञ’ या शब्दांतून प्रशिक्षित व निःपक्षपाती व्यक्तींची गरज कायदेशीर व्यवहाराचा भाग बनली.

सोलापूरचा धडा : अकार्यक्षमता म्हणजे कामगाराचा आळस, हे समीकरण किती अपुरे आहे याचे ठळक उदाहरण सोलापूरच्या जुन्या गिरणीने घालून दिले. ही गिरणी ऑगस्ट १९४९ मध्ये बंद पडली. जानेवारी १९५० मध्ये केंद्र सरकारने वटहुकूम काढून तिचा कारभार आपण नेमलेल्या संचालकांकडे दिला. गैरव्यवस्थापन व हेळसांड यांमुळे एका आवश्यक वस्तूच्या उत्पादनावर परिणाम झाला व मोठी बेकारी ओढवली, असे कारण वटहुकुमाच्या उद्देशिकेतच नमूद केले होते. पुढे त्याची जागा घेणाऱ्या कायद्याविरुद्ध भागधारक सर्वोच्च न्यायालयात गेले. १९५० मध्ये चिरंजितलाल चौधरी खटल्यात हा कायदा टिकला. १९५३ मध्ये द्वारकादास श्रीनिवास खटल्यात तो घटनाविरोधी ठरला. घटनेतील मालमत्तेच्या हक्काच्या अभ्यासकांना हे दोन्ही निर्णय सुपरिचित आहेत. कार्यप्रक्रियेच्या अभ्यासकानेही ते वाचावेत असे आहेत, कारण हजारो माणसांचे काम बंद पाडणारी प्रक्रिया साचेखात्यात नसून संचालकांच्या बैठकीच्या खोलीत असू शकते, आणि तेथे स्टॉपवॉच घेऊन कोणी जात नाही.

अहमदाबादचा प्रयोग : त्याच सुमारास, त्या वेळच्या मुंबई राज्यातच असलेल्या अहमदाबादेत याच्या नेमका उलट धडा मिळाला. कॅलिको गिरणीच्या एका शाखेत १९५२ साली स्वयंचलित माग बसविण्यात आले. त्या खात्यात २२४ माग व २९ कामगार होते. कार्याध्ययनानुसार कामाची बारा प्रकारांत काटेकोर वाटणी केली होती. तरीही उत्पादन वाढेना व कापडातील दोष कमी होईनात. लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूटचे ए. के. राइस १९५३ मध्ये तेथे आले. त्यांना आढळले, की कोणता कामगार कोणाबरोबर काम करतो हे कोणालाच स्पष्ट सांगता येत नव्हते. सुटी कामे मोजली गेली होती, पण त्यांतून गट बनला नव्हता. सात-सात जणांचे गट करून प्रत्येक गटाकडे ठरावीक मागांची पूर्ण जबाबदारी द्यावी, अशी कल्पना मांडताच कामगारांनी आपले गट स्वतःच जमविले. त्यानंतर उत्पादन वाढले व खराब कापडाचे प्रमाण उतरले. राइस यांचा या प्रयोगावरील ग्रंथ १९५८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगभरच्या व्यवस्थापन-शिक्षणात त्याचा उल्लेख होत राहिला. प्रशिक्षण केवळ निरीक्षकाला देऊन भागत नाही, हा त्याचा व्यावहारिक अर्थ.

प्रशिक्षण संस्था : भारतातील संघटित प्रशिक्षणाला चालना मिळाली ती आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेच्या १९५२–५४ मधील उत्पादकता-मंडळामुळे. या मंडळाने कापड व अभियांत्रिकी कारखान्यांत प्रात्यक्षिके करून दाखविली. फारशी नवी यंत्रे न घेता, केवळ मांडणी व पद्धती बदलून उत्पादन वाढू शकते, हे त्यातून दिसून आले. १२ फेब्रुवारी १९५८ रोजी राष्ट्रीय उत्पादकता परिषद स्थापन झाली. मालक, कामगार व सरकार या तिन्ही पक्षांचे प्रतिनिधित्व हे तिचे वैशिष्ट्य. त्याच वर्षी कामगार-शिक्षणाचे केंद्रीय मंडळ नागपूर येथे मुख्यालय ठेवून स्थापन झाले. १९६३ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेच्या साहाय्याने मुंबईत पवईजवळ, विहार तलावाच्या परिसरात औद्योगिक अभियांत्रिकी प्रशिक्षणाची राष्ट्रीय संस्था निघाली. ‘निटी’ या आद्याक्षरी नावाने ती तीन पिढ्यांना परिचित झाली. प्रारंभी तिचा भर नोकरीत असलेल्या अभियंत्यांच्या व व्यवस्थापकांच्या अल्पमुदतीच्या शिक्षणक्रमांवर होता. पुढे पदव्युत्तर शिक्षणक्रम आले, आणि २०२३ मध्ये तिचे रूपांतर भारतीय व्यवस्थापन संस्था, मुंबई यात झाले. नावातील ‘प्रशिक्षण’ हा शब्द गळून ‘व्यवस्थापन’ आला, हा बदल या विद्येच्या सामाजिक चढणीचा निदर्शक मानता येईल. कापडधंद्यापुरते पाहता अहमदाबादची ‘अटिरा’ (१९४७) व मुंबईची ‘बिट्रा’ (१९५४) या संशोधनसंस्थांनी गिरण्यांतील तंत्रज्ञांना शिकविण्याचे काम दीर्घकाळ केले.

संख्याशास्त्राचा प्रवाह वेगळ्या वाटेने आला. वॉल्टर शूहार्ट (१८९१–१९६७) या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९२४ मध्ये नियंत्रण-आलेखाची कल्पना मांडली. कोणत्याही कामात थोडाफार चढउतार स्वाभाविक असतो. तो नेहमीचा चढउतार आणि एखाद्या विशेष कारणाने झालेला बिघाड यांत भेद कसा करावा, हे हा आलेख दाखवितो. प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या निमंत्रणावरून शूहार्ट १९४७–४८ मध्ये भारतात आले होते. भारतीय सांख्यिकी संस्थेने यानंतर गुणनियंत्रणाची केंद्रे काढून कारखान्यांना मार्गदर्शन व शिक्षण देण्यास प्रारंभ केला. या संस्थेची कामगिरी जपानच्या डेमिंग-पर्वाच्या झगमगाटात काहीशी दुर्लक्षित राहिली आहे. जपानमध्ये काओरू इशिकावा (१९१५–१९८९) यांच्या प्रेरणेने १९६२ पासून सुरू झालेली गुणमंडळे भारतात १९८० मध्ये हैदराबादच्या ‘भेल’ कारखान्यात प्रथम आली व १९८२ मध्ये त्यांचा राष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. गुणमंडळात एकाच खात्यातील सहा-आठ कामगार स्वेच्छेने एकत्र बसून आपल्याच कामातील अडचण सोडवितात. येथे प्रशिक्षण प्रथमच मोठ्या प्रमाणावर कामगारांपर्यंत पोचले, व तेही प्रमाणपत्रावाचून.

पट्टे व परीक्षा : ‘सिक्स सिग्मा’ पद्धत १९८६ मध्ये मोटोरोला या अमेरिकन कंपनीत बिल स्मिथ याच्या कल्पनेतून निघाली. दहा लाख संधींमागे ३.४ पेक्षा अधिक दोष नसावेत, हे तिचे प्रसिद्ध लक्ष्य. जनरल इलेक्ट्रिक कंपनीने १९९५ पासून तिचा अंगीकार केल्यावर तिचा जगभर प्रसार झाला. व्याख्या, मापन, विश्लेषण, सुधारणा व नियंत्रण असे तिचे पाच टप्पे आहेत. शिकणाऱ्यांच्या श्रेणींना ज्यूदो-कराटेमधील पट्ट्यांची नावे दिली आहेत : पिवळा, हिरवा, काळा आणि त्याही वरचा ‘मास्टर’. काळ्या पट्ट्याच्या मूळ शिक्षणक्रमात चार महिन्यांत दर महिन्याला एक आठवडा वर्ग आणि उरलेले दिवस आपल्या कारखान्यातील प्रत्यक्ष प्रकल्प, अशी विभागणी असे. प्रकल्प हाच या शिक्षणाचा गाभा. वर्ग त्याच्या सोयीसाठी.

मात्र सिक्स सिग्माचे प्रमाणन करणारी एकच सर्वमान्य जागतिक संस्था नाही. अमेरिकन सोसायटी फॉर क्वालिटी ही संस्था काळ्या पट्ट्यासाठी लेखी परीक्षेखेरीज पूर्ण केलेल्या प्रकल्पांचे प्रतिज्ञापत्र मागते. भारतीय सांख्यिकी संस्थाही हिरव्या व काळ्या पट्ट्यांचे शिक्षणक्रम चालविते. दुसऱ्या टोकाला दोन दिवसांच्या वर्गानंतर पट्टा देणारे खाजगी वर्गही आहेत. ‘आयएसओ १८४०४’ या २०१५ मधील मानकाने लीन व सिक्स सिग्मा व्यावसायिकांच्या किमान क्षमता नोंदविल्या आहेत. तथापि ते मानक पाळणे सक्तीचे नाही. आंतरराष्ट्रीय मानक संघटना स्वतः कोणालाही प्रमाणपत्र देत नाही, ही गोष्टही अनेकांना ठाऊक नसते : ती मानके लिहिते, प्रमाणन अन्य संस्था करतात, आणि त्या संस्थांची पात्रता अधिस्वीकृती मंडळे तपासतात. भारतात हे काम १९९७ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय गुणवत्ता परिषदेच्या मंडळाकडे आहे. तेव्हा एखाद्याच्या प्रमाणपत्राची किंमत करताना पट्ट्याचा रंग न पाहता तीन प्रश्न विचारावेत : परीक्षा कोणी घेतली, प्रकल्प कोणत्या कामावर केला, आणि सुधारणा वर्षभरानंतर टिकली का. पहिल्या दोहोंची उत्तरे प्रमाणपत्रात बहुधा सापडतात. तिसऱ्याचे उत्तर फक्त त्या खात्यातील माणसेच देऊ शकतात.

आजचे सोलापूर : सोलापुरातील अभियांत्रिकी कारखान्यांत, विशेषतः मोटारींचे सुटे भाग बनविणाऱ्यांत, या विद्येला ग्राहकांच्या आग्रहामुळे मागणी आली. मोटार कंपन्या पुरवठादाराकडून ‘आयएटीएफ १६९४९’ या मानकानुसार प्रमाणन मागतात आणि त्यासाठी नियंत्रण-आलेख, मापनसाधनांची चाचणी, संभाव्य दोषांचे विश्लेषण इ. तंत्रांत प्रशिक्षित माणसे कारखान्यात असावी लागतात. शासकीय तंत्रनिकेतन (१९५६) व वालचंद तंत्रशास्त्र संस्था (१९८३) यांसारख्या स्थानिक संस्थांतून निघालेल्या तरुणांना ही तंत्रे नोकरीत शिकावी लागतात. पट्टा मिळाला की पुण्याची वाट धरणारेही त्यांत थोडे नाहीत.

यंत्रमागाची गोष्ट निराळी आहे. सोलापुरी चादर व टेरी टॉवेल यांना २००५-०६ या वर्षी भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण मिळाले. ते नाव जपते. नगाची प्रत जपण्याचे काम मागावरच व्हावे लागते. येथील पुष्कळ मालक स्वतःच जॉबरचे, हिशेबनिसाचे व विक्रेत्याचे काम करतात. अशा माणसाला चार महिन्यांच्या शिक्षणक्रमासाठी सवड मिळणे कठीण, आणि त्याने दुसऱ्याला पाठविले तर तो शिकून मोठ्या कारखान्यात जाण्याचा धोका. म्हणून एकेका व्यक्तीला प्रमाणित करण्यापेक्षा शेजारशेजारच्या छोट्या कारखान्यांचा गट करून त्यांना सल्लागार पुरविणे, हा मार्ग शासनाने पत्करला. सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योगांसाठी २००९ मध्ये प्रायोगिक स्वरूपात निघालेली लीन योजना १० मार्च २०२३ रोजी नव्या रूपात सुरू झाली. तिच्यात प्राथमिक, मध्यम व प्रगत अशा पायऱ्या असून मार्गदर्शन व सल्ल्याच्या खर्चाचा ९० टक्के भार केंद्र सरकार उचलते. अंमलबजावणी राष्ट्रीय उत्पादकता परिषद व भारतीय गुणवत्ता परिषद यांच्याकडे देण्यात आली. ‘झेड’ ही २०१६ मधील व २०२२ मध्ये पुन्हा सुरू झालेली दुसरी योजना कारखान्यांना कांस्य, रौप्य व सुवर्ण अशा श्रेणींत प्रमाणित करते.

सल्लागार यंत्रमागाच्या छपरात आला म्हणजे त्याला बहुधा मोडके धोटे, कोठेही ठेवलेल्या कांड्या, तेलकट जमीन, अपुरा उजेड आणि रंगखान्यातून वेळेवर न येणारे सूत दिसते. हत्यारांना ठरलेली जागा, स्वच्छता व देखभालीचे वेळापत्रक यांसारख्या प्राथमिक उपायांना पैसा कमी लागतो व त्यांचा गुण लवकर येतो. ते टिकतात की नाही हे मात्र मजुरीच्या रीतीवर अवलंबून असते. नगावर मजुरी मिळणाऱ्या विणकराचे सूत कमी तुटू लागले, तर त्याच्या हातून अधिक नग निघतात व त्याची मिळकत आपोआप वाढते. तो या सुधारणेचा पहिला रक्षक बनतो. पण नग वाढलेले पाहून नगाचा दर उतरविला, किंवा त्याच मजुरीत आणखी एक साचा सोपविला, की पुढच्या वेळी सल्लागाराच्या वहीत तुटलेल्या धाग्यांची खरी संख्या कोणी लिहू देत नाही. त्यामुळे काही जाणकार प्रशिक्षक काम सुरू करण्यापूर्वीच, ठरावीक मुदतीपर्यंत दर बदलणार नाही, असे मालकाकडून विणकरांसमक्ष वदवून घेतात. कोणत्याही पट्ट्याच्या परीक्षेत हा प्रश्न येत नाही. १९५७ च्या आदर्श करारात मात्र तो होता.